दुर्बीण किती हलली?

एडविन हिबर्डने माझ्या गाडीच्या काचेवर टकटक केली, तेव्हा शेजारच्या सीटवर मातीच्या अठरा पिशव्या होत्या आणि माझ्या हातात अर्धं सँडविच. मार्लकोमच्या माळावर वारा असा सुटला होता की त्याचं बोलणं काचेपर्यंत येऊन बाजूला उडून जात होतं. मी काच खाली केली.

"तुमची नजर कशी आहे?" त्याने विचारलं.

नमस्कार नाही, नाव नाही. केस कपाळाला चिकटलेले आणि नाकाच्या शेंड्यावर पावसाचा एक थेंब… पडू की नको या विचारात.

"चष्म्यासह की चष्म्याशिवाय?"

"कशीही. एकाच जागी अर्धा तास पाहायचं. डोळा हलवायचा नाही. जमेल?"

"मी माती तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते," मी म्हणाले. "दिवसाला तीस टायट्रेशन. थेंबाथेंबाने रंग कधी बदलतो, ते पाहत बसणं हेच माझं काम."

"म्हणजे जमेल," तो म्हणाला, आणि नाकावरचा थेंब माझ्या सँडविचवर पडला.

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याचा कामातला जोडीदार त्या दिवशी आजारी पडला होता आणि माळावर दुसरं कोणी नव्हतं, एवढाच माझा नंबर लागण्याचा अर्थ. पुढे मात्र दर वसंतात, मार्चच्या अखेरीला, त्याचा फोन यायचा. "हेस्टर, आले बरं का." कोण आले, ते सांगायची गरज नसायची.

करवानक पक्षी आफ्रिकेकडून येतात आणि आमच्या खडूच्या, म्हणजे पांढऱ्या चुनखडीच्या टेकड्यांवर उघड्या जमिनीत दोन अंडी घालतात. घरटं असं नसतंच. गारगोट्यांमध्ये गारगोट्यांसारखी दोन अंडी, बस. माणूस नजरेच्या टप्प्यात आला की पक्षी मान खाली घालून, चोरासारखा, पळत लांब जातो आणि मग ती अंडी देवालाही सापडत नाहीत. म्हणून हे काम दोघांचं. एकाने समोरच्या टेकडीवर गाडीत बसायचं, तिपाईवरची दुर्बीण बसलेल्या पक्ष्यावर रोखायची. दुसऱ्याने टेकडीआडून यायचं. पक्षी उठून गेला तरी गाडीतल्याने त्या जागेवरून डोळा काढायचा नाही. मग वॉकी-टॉकीवर सांगायचं: सरळ… डावीकडे दोन पावलं… हळू… थांब, तुझ्या बुटापुढे.

तीन वसंत मी त्याच्या कानात बोलत होते. चारशे मीटरवरून. एडविन आंधळ्यासारखा माझ्या शब्दावर पाऊल टाकायचा. मी "थांब" म्हटलं की त्याचा पाय हवेतच थांबायचा. बावीस घरटी शोधली आम्ही, एकही अंडं न फोडता. आणि त्या तीन वर्षांत आम्ही एकमेकांना काय बोललो, तर डावीकडे, उजवीकडे, हळू, थांब. चहा आहे का. आहे.

इतर माणसांना हे पुरत नसेल. मला पुरत होतं… सास्किया येईपर्यंत.

*

सास्किया नॉरफोकहून आली. तिकडे वालुकामय रानात करवानकांची चांगली वस्ती आहे आणि ती तिथल्या कामाची प्रमुख. दहा दिवस आमची पद्धत पाहायला म्हणून आली होती. उंच, मोकळी, मोठ्याने हसणारी. तिला गाडीचं दार हळू लावता येत नव्हतं. पण चंडोलाचा आवाज ती इतका हुबेहूब काढायची की खरे चंडोल बुचकळ्यात पडायचे.

"ही हेस्टर," एडविनने ओळख करून दिली. "हिची नजर कधी हलत नाही."

"बापरे!" सास्किया हसली. "मग हिच्यासमोर जपून राहायला हवं."

मीही हसले. किती हसावं ते ठरवून.

दुसऱ्या दिवसापासून ते दोघं पुढे आणि मी मागे. ती त्याच्या खांद्याला खांदा लावून चालायची, काहीतरी बोलायची. तो मान वाकवून ऐकायचा. एडविन कधी मान वाकवून ऐकत नाही, मी तीन वर्षं पाहिलेलं आहे. तो आभाळाकडे पाहत ऐकतो. मी जवळ गेले की दोघं गप्प. एकदा त्याने घाईने एक कागद खिशात घातला. एकदा ती म्हणाली, "मग सांगते रे तुला, नंतर." 'रे' आणि 'नंतर' या दोन शब्दांनी माझी एक अख्खी रात्र खाल्ली.

आठव्या दिवशी, म्हणजे बुधवारी, एडविन गाडीच्या बॉनेटला टेकून उभा राहिला.

"नॉरफोकला एक जागा आहे," तो म्हणाला. "कायमची. इथलं माझं काम सप्टेंबरात संपतंय, तुला माहीतच आहे. सास्किया म्हणते, ये."

"अच्छा."

"शुक्रवारपर्यंत कळवायचंय."

मी दुर्बिणीची काच पुसत होते. ती स्वच्छच होती.

"चांगली जागा आहे," मी म्हणाले.

"हो?"

"कायमची म्हणजे चांगलीच की."

तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. काहीतरी म्हणेल असं वाटलं… मग त्याने चहाचा कप झटकला, उरलेला थेंब गवतात उडवला आणि खाली निघून गेला. खाली सास्किया होती. तिने चंडोलाचा आवाज काढला. तो हसला.

मी त्या दिवशी घरी जाऊन ओट्यावरची सगळी भांडी घासली, धुतलेलीसुद्धा.

*

गुरुवारी सकाळी नऊ वाजता माळाचे शेतकरी मिस्टर पॉथिकरी ट्रॅक्टर घेऊन फाटकाशी उभे होते. माळाच्या मधोमध एक पट्टा करवानकांसाठी उघडा राखलेला आहे, आणि तो उघडा राहायचा तर वसंतात तण काढावं लागतं. यंदा पावसाने उशीर झाला. आता पट्ट्यात एक जोडी बसली होती. घरटं कुठे ते कळल्याशिवाय मिस्टर पॉथिकरींना फाळ खाली टाकता येत नव्हता, आणि दुपारी पुन्हा पाऊस होता.

"काय गं पोरी," त्यांचा आवाज वॉकी-टॉकीवर खरखरला. एक यंत्र आम्ही त्यांनाही देतो. "तुझी पाखरं अजून निजलीत का? माझं डिझेल जळतंय."

"इंजिन बंद ठेवा ना मग."

"बंद केलं तर परत लागत नाही. म्हातारं आहे माझ्यासारखं."

समोरच्या उतारावर, दुर्बिणीच्या गोलात, करवानक बसलेला होता. पिवळा डोळा, अर्धवट मिटलेला. त्याच्या शेपटीपासून हातभर अंतरावर एक गारगोटी होती, पाठीवर काळा डाग असलेली. ती माझी खूण.

"बसलाय," मी म्हणाले. "या."

एरवी टेकडीआडून एक माणूस येतो. आज दोन आले. कुंपणाच्या कोपऱ्यातल्या खांबापाशी एडविन वर चढला आणि त्याच्या मागे सास्किया. करवानकाने मान खाली केली, उठला, पळाला, दिसेनासा झाला. मी डोळा काळ्या डागावर ठेवला. इथवर सगळं बरोबर.

मग वॉकी-टॉकीतून तिचं हसणं आलं. "थांब, थांब. अरे, गालाला काय हे? सगळा खडू…"

त्याचं बटण दाबलेलं राहिलं होतं.

मी दुर्बीण डावीकडे फिरवली.

हे मी जाणूनबुजून केलं असं नाही. हाताने केलं. पण हात माझाच. गोलात खांब आला, आणि खांबाशेजारी ते दोघं, चाळीसपट मोठे. सास्कियाने बाही तळहातापर्यंत ओढली होती आणि ती त्याच्या गालावरचा पांढरा फराटा पुसत होती. तो डोळे मिटून उभा होता, आईपुढे लहान मूल उभं राहतं तसा. तीन वर्षांत त्याच्या गालावर मी खडू शेकडो वेळा पाहिला होता. पुसता येतो, हे मला सुचलंच नव्हतं.

"हेस्टर," एडविनचा आवाज आला. "निघालो. बोल."

मी दुर्बीण उजवीकडे फिरवली. गारगोट्या. गारगोट्या. पुन्हा गारगोट्या. काळा डाग… तो तिथे एक होता. आणि तिकडे आणखी एक.

"सरळ या," मी म्हणाले. माझा आवाज नेहमीसारखाच होता, त्याचं मला अजून नवल वाटतं. "तीस पावलं."

"सास्किया, तू हो पुढे," एडविन म्हणाला. "हेस्टर सांगेल तसं टाक पाऊल. डोळे झाकून विश्वास ठेव."

ती पुढे झाली. तो तिच्या मागे, तिच्याच पावलांवर. वीस. पंचवीस. तीस.

"आता?" तिने विचारलं.

मी पाहत होते. डाग असलेल्या तीन गारगोट्या होत्या. त्यातली माझी कोणती?

"उजवीकडे… तीन," मी म्हणाले. अंदाजाने. आयुष्यात पहिल्यांदा मी अंदाजाने आकडा सांगितला.

तिने एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. आणि तेवढ्यात माझ्या मनात एक विचार आला, तो मी इथे लिहिते, कारण तो खरोखर आला होता. अंडं फुटलं तर बूट सास्कियाचा असेल. सगळे म्हणतील, नवखी बाई, पाऊल चुकलं. मला कोणी काही म्हणणार नाही, कारण माझी नजर कधी हलत नाही. एडविन तिच्याकडे ज्या तोंडाने पाहील, ते तोंड मला दिसलंसुद्धा.

दोन श्वास. तेवढाच वेळ तो विचार माझ्यापाशी होता.

"थांब!" मी ओरडले. "दोघंही! पाय खाली ठेवू नका!"

सास्कियाचा डावा पाय हवेत राहिला. एडविन जागीच थिजला.

"काय झालं?"

"जागा हरवली."

वारा. खूप वर एक चंडोल, खराखुरा. मग एडविन, अगदी हळू: "कोणाकडून?"

"माझ्याकडून."

"तुझ्याकडून?" त्याला ते वाक्य कळतच नसावं. "हेस्टर, तुझ्याकडून कशी हरवेल?"

"दुर्बीण हलली."

"गाडी हलली का वाऱ्याने?"

"नाही."

"मग?"

ट्रॅक्टर धडधडत होता.

"ठीक आहे," एडविन म्हणाला. तो शांत होता. अडचणीत तो नेहमी शांत होतो, आणि प्रश्न विचारतो, एकामागे एक, जसे मी स्वतः विचारले असते. "घाबरू नकोस. हिशेब करू. दुर्बीण कोणत्या बाजूला हलली?"

"डावीकडे."

"किती?"

"बरीच."

"बरीच म्हणजे किती, हेस्टर? तू 'बरीच' कधीपासून म्हणायला लागलीस? कशापर्यंत गेली?"

"खांबापर्यंत."

"कुंपणाच्या?"

"हो."

"खांबावर काही होतं? पक्षी तिकडे पळाला का?"

"नाही. पक्षी दुसरीकडे गेला."

"मग खांबाकडे का फिरवलीस?"

"माझा पाय," सास्किया बारीक आवाजात म्हणाली. "कोणाला आठवतोय का?"

"तो तसाच ठेवा," मी म्हणाले. "जरा खाली आला तरी चालेल, टेकवू नका."

"जरा खाली म्हणजे किती, बाई?"

"हेस्टर." पुन्हा एडविन. "ती फेरी उलटी करता आली तर जागा सापडेल. म्हणून विचारतोय. तुला खांबाशी नक्की काय दिसलं ते सांग. म्हणजे दुर्बीण कुठे थांबली ते कळेल."

प्रश्न बरोबर होता. इतका बरोबर की त्यातून सुटायला जागाच नव्हती. चुकीचं उत्तर दिलं असतं, तर हिशेब चुकला असता आणि तिचा पाय कुठेतरी टेकला असता.

"तुझा गाल," मी म्हणाले.

"काय?"

"गोलाच्या मधोमध तुझा गाल होता. डावा. आणि हिचा हात. ही खडू पुसत होती… आणि मी पाहत होते."

एडविनने मान वर करून माझ्या टेकडीकडे पाहिलं.

"आता झालं समाधान?" मी म्हणाले. माझा आवाज आता नेहमीसारखा राहिला नव्हता. "ती तुझा गाल पुसत होती आणि मला जळफळाट झाला, म्हणून मी दुर्बीण फिरवली. आठ दिवस होतोय. तिचं हसणं, ते कागद, ते 'नंतर सांगते'. तू नॉरफोकला जाणार, मी म्हणाले चांगली जागा आहे. नाहीये चांगली. घाणेरडी जागा आहे. तीन वर्षं मी तुझ्या कानात डावीकडे-उजवीकडे करतेय, आणि उद्या दुसरं कोणी करणार… मला ते सहन होत नाही. हे दुर्बीण का हलली त्याचं कारण. लिहून घे."

खरखर झाली.

"पोरा," मिस्टर पॉथिकरी म्हणाले, "काहीतरी बोल रे. माझं डिझेल अजून जळतंय."

"मी बोलते," सास्किया म्हणाली. "मला हक्क आहे, मी एका पायावर आहे. हेस्टर, तू माझ्यावर जळत होतीस? माझ्यावर? अगं, हा माणूस आठ दिवस माझं डोकं खातोय! नॉरफोकमध्ये माती तपासणाऱ्या प्रयोगशाळा किती. कुठे कुठे. तिथे टायट्रेशन हाताने करतात की यंत्राने. माणसं घेतात का. मला वाटलं याला मातीचं वेड लागलंय!"

"सास्किया…" एडविन म्हणाला.

"गप्प बस. काल रात्री माझ्याकडून तिघांचे फोन नंबर घेतले त्याने. कागदावर! आणि मी गाल पुसला, कारण तो माझ्या नवऱ्यासारखाच गबाळा आहे. झालं? आता माझा पाय!"

मी डोळे पुसले. दुर्बिणीला ओला डोळा लावून काही दिसत नाही.

"एडविन," मी म्हणाले, "हे नंतर. आधी घरटं."

"आधी घरटं," तो म्हणाला.

मी दुर्बीण खांबावर नेली. बरोबर त्याच उंचीवर, जिथे त्याचा गाल होता. आणि डोळे मिटून ती फेरी आठवली. मत्सराला तपशील फार चांगले आठवतात, हे मला त्या दिवशी कळलं. जाताना आधी सशाने उकरलेला खडूचा पांढरा ढिगारा गेला होता. मग काउस्लिपच्या पिवळ्या फुलांचा पुंजका, त्यात एक देठ मोडलेला. मग खांब. आता उलट. खांब… पुंजका, मोडका देठ… पांढरा ढिगारा… तिथून अर्धा गोल उजवीकडे. काळा डाग. त्याच्या उजवीकडे हातभर…

दोन अंडी. आणि त्यांच्या अलीकडे एक बूट.

"सास्किया. उजवा पाय जराही हलवू नका. अंडी तुमच्या टाचेमागे आहेत. एक वीत."

"मागे?" तिचा आवाज चिरकला. "म्हणजे मी… ओलांडून आले?"

"हो. माझ्या सांगण्यावरून."

"डावा पाय पुढे टाकू?"

"पुढे टाका. मोकळं आहे. आता पाहून सांगतेय."

तिने पाय टाकला आणि मोठा श्वास सोडला. तो मला चारशे मीटरवरून दिसला. एडविन गुडघ्यावर बसला. दोन्ही तळवे जमिनीला टेकून तो बराच वेळ वाकून पाहत राहिला.

"दोन्ही शाबूत," तो म्हणाला. "उबदार आहेत."

त्यांनी घरट्याच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटरवर काठ्या रोवल्या. मिस्टर पॉथिकरींनी कधी नव्हे ते काही न बोलता फाळ खाली टाकला आणि काठ्यांपासून लांब राहून पट्ट्याच्या टोकाकडून सुरुवात केली. सास्किया मुद्दामच त्यांच्या ट्रॅक्टरकडे वळली. एडविन एकटा माझ्या टेकडीकडे निघाला.

दुर्बिणीतून येणाऱ्या माणसाकडे पाहू नये. तो कितीही चालला तरी जवळ आल्यासारखा वाटत नाही. मी दुर्बीण खाली केली आणि साध्या डोळ्यांनी पाहत राहिले.

*

तो दार उघडून शेजारच्या सीटवर बसला. बुटांना खडूचा चिखल. त्याने समोर पाहिलं, मग खिडकीबाहेर, मग आभाळाकडे.

"रागावलायस," मी म्हणाले.

"अंड्यांसाठी? हो. जरासा."

"एखादं फुटलं असतं तर मी पुन्हा कधी आले नसते."

"माहीत आहे." त्याने बुटावरचा चिखल खरवडला. "पण तू सांगितलंस. दडपता आलं असतं."

"दोन श्वास दडपलं," मी म्हणाले. "ते तुला माहीत असावं."

तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "दोन श्वासांची नोंद करणारी बाई मला दुसरी कुठे मिळणार?"

हे ऐकून मी विरघळायला हवं होतं. पण माझं आठ दिवसांचं साठलेलं अजून संपलं नव्हतं.

"मला विचारलं का नाहीस?" मी म्हणाले. "सास्कियाशी आठ दिवस कुजबुज, आणि मला एक शब्द नाही! माझ्या नोकरीची चौकशी सगळ्या नॉरफोकला माहीत, फक्त मला नाही!"

"सगळं कळल्यावर विचारणार होतो. कोणती प्रयोगशाळा, घरापासून किती लांब, काम कसं… तुला अर्धवट माहिती आवडत नाही."

"कोणाच्या घरापासून?"

तो लाल झाला. कानांपासून सुरुवात होते त्याची.

"त्या दिवशी बॉनेटपाशी विचारायलाच आलो होतो," तो म्हणाला. "पण तू म्हणालीस, चांगली जागा आहे. मला वाटलं… हिला काही फरक पडत नाही."

"मी स्वच्छ काच पुसत होते! दहा मिनिटं! तुला दिसलं नाही?"

"दिसलं. मला वाटलं, डाग असेल."

मी हसले. यावेळी किती हसावं ते ठरवायला जमलं नाही. तोही हसला. काचेवर पावसाचे पहिले थेंब वाजायला लागले आणि खाली ट्रॅक्टर शेवटची फेरी घाईने मारत होता.

"हेस्टर," तो म्हणाला, "नॉरफोकला येशील?"

"तिथे वाळू आहे."

"आहे."

"चुना नाहीच मातीत. सगळं पुन्हा शिकावं लागेल मला."

"हो… म्हणजे नको असेल तर मी उद्या नाही कळवतो. सप्टेंबरनंतर इथेच काहीतरी बघेन. मेंढ्या राखेन."

"नाही म्हणालेय का मी?" मी म्हणाले. "एक अट आहे. दुर्बिणीवर मी बसणार. कोणी कितीही मोठी प्रमुख असो, तिला चालायचं असेल तर चालू दे. पण तुझ्या कानात दुसरं कोणी बोलायचं नाही."

"मान्य."

"आणि गाल."

"गालाचं काय?"

त्याच्या डाव्या गालावर नवा फराटा होता, अंडी पाहताना जमिनीवरून आलेला. मी बाही तळहातापर्यंत ओढली… आणि मग तशीच सोडून दिली. तिच्यासारखं नको. मी अंगठ्याने पुसला. खडू सहज निघत नाही. वेळ लागला. तो डोळे मिटून बसला नाही. डोळे उघडे ठेवून माझ्याकडेच पाहत होता, आणि त्या वेळी आमच्यात चारशे मीटर नव्हते, चार बोटंही नव्हती. पुढचं मी मोजलेलं नाही.

नंतर बऱ्याच वेळाने त्याला भूक लागली. त्याने कोटाच्या खिशातून कागदाची पुडी काढली, उलगडली, आणि आल्याच्या बिस्किटाचा अर्धा तुकडा माझ्यापुढे धरला.

"कोणी केलं?" मी विचारलं.

तो घुटमळला. "सास्कियाने."

"मला नको."

"बरं." त्याने आपला तुकडा खाल्ला. डोळे अर्धे मिटले. "अं."

पाऊस आता धो धो पडत होता. मी थोडा वेळ समोर पाहिलं.

"दे," मी म्हणाले.

मी चावून पाहिलं. बाहेरून कडक, आतून मऊ, आणि शेवटी जिभेवर एक सावकाश येणारा तिखटपणा.

"कसं आहे?" एडविनने विचारलं.

"आलं जास्त झालंय," मी म्हणाले.

आलं अगदी बरोबर होतं.